पानांचं तपकिरी पाणी, नागपूरचं ऊन आणि जिवाणूंचा घास : गच्चीवरचा एक प्रयोग

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर झाडांखाली साचलेलं डबकं पाहिलं असेल. पानं कुजून पाणी अगदी चहासारखं झालेलं असतं. हा रंग पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांचा. वनस्पतींतलं चिवट लिग्निन आणि तुरट टॅनिन यांपासून आलेले मोठे रेणू जिवाणूंना पटकन खाता येत नाहीत. पण तेच रेणू उन्हातले अतिनील आणि निळे किरण शोषतात, आणि शोषता शोषता तुटतात. त्यातून फॉर्मिक, ॲसेटिक, पायरुविक अशा आम्लांचे लहान तुकडे निघतात, काही कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. समुद्राच्या पाण्यात उन्हामुळे असं पायरुविक आम्ल तयार होतं आणि जिवाणू ते खातात, हे डेव्हिड कीबर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं. आपण हेच घरी पाहू. पावसाळा सरला की ऑक्टोबरात सुरुवात करा, आकाश मोकळं असतं.

पाणी मुरवा. पिंपळाची मूठभर वाळलेली पानं दोन लिटर पाण्यात घालून, वर जाळी बांधून सावलीत तीन आठवडे ठेवा. कडुलिंबाची पानं नकोत, ती जिवाणूंना मारक असतात. ही पायरी गाळायचा मोह होतो. पहिल्या वेळी मी ताज्या पानांचा काढा सरळ उन्हात ठेवला आणि काहीच फरक मिळाला नाही. ताज्या काढ्यात साखरेसारखे सोपे पदार्थ असतात, ते जिवाणू अंधारातही संपवतात. शिवाय असा ताजा माल उन्हात कधी कधी उलट पचायला जड होतो. तीन आठवड्यांत सोपं सगळं खाऊन होतं, आणि मागे उरतं ते चिवट तपकिरी. उन्हाचं खरं काम त्याच्यावरच दिसतं.

गाळा, उकळा, पातळ करा. सुती कापडातून दोनदा गाळून दहा मिनिटं उकळा. गार झाल्यावर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी मिसळून फिक्या कोऱ्या चहाइतका रंग आणा.

उन्हात ठेवा. काचेची दोन सारखी पसरट भांडी घ्या आणि प्रत्येकात तीन-चार सेंटिमीटरच पाणी ओता. तपकिरी पाण्यात अतिनील किरण फार खोल जात नाहीत, म्हणून उंच बाटलीत तळाचं पाणी जवळजवळ अंधारातच राहतं. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीतून किंवा खिडकीच्या काचेतून सगळ्यात जोरकस अतिनील किरण आत येत नाहीत, तेव्हा भांड्यांवर पातळ, पारदर्शक पॉलिथिन ताणून रबरबँड लावा. एका भांड्याला वरून-खालून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. दोन्ही पाणी भरलेल्या एकाच परातीत ठेवा म्हणजे तापमान सारखं राहील. सकाळी दहा ते दुपारी चार, सहा स्वच्छ दिवस.

रोज संध्याकाळी दोन्हींतलं थोडं पाणी सारख्या उंच पेल्यांत घ्या, खाली पांढरा कागद ठेवा आणि वरून बघा. उन्हातल्या पेल्याचा रंग उतरत जातो. मोबाइलवर फोटो काढत चला, रोज बघताना बदल लक्षात येत नाही. बघून झालं की पाणी आपापल्या भांड्यात परत ओता.

आता जिवाणू घाला, त्याआधी नाही. कडक ऊन जिवाणूंना मारतं, म्हणूनच स्वच्छ बाटलीतलं पाणी सहा तास उन्हात ठेवून निर्जंतुक करण्याची पद्धत आहे. दोन्ही भांड्यांत तलावाच्या पाण्याचा एकेक चमचा घाला. जिवाणूंना नायट्रोजन-फॉस्फरसही लागतो, म्हणून कुंड्यांना घालतात त्या १९:१९:१९ खताची चिमूट लिटरभर पाण्यात विरघळवून त्यातलाही चमचा-चमचा द्या. रात्रभर अंधारात, झाकण न लावता ठेवा. उन्हाने पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, तेवढ्या वेळात ते बरंचसं निवळतं.

ऑक्सिजन मोजा. सकाळी प्रत्येक भांड्यातलं पाणी वेगवेगळं, दोन पेल्यांत दहा-बारा वेळा वर-खाली करा, म्हणजे दोघांत हवा सारखी मुरेल. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणाऱ्या ऑक्सिजन किटने लगेच मोजा. मग घट्ट बुचाच्या छोट्या काचेच्या बाटल्या काठोकाठ भरा. आत एकही बुडबुडा राहता कामा नये. तीन दिवस अंधारात ठेवा आणि पुन्हा मोजा. सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, मोजताना भारतात हेच करतात : २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस.

जिवाणूंनी जितकं जास्त खाल्लं, तितका ऑक्सिजन जास्त संपलेला असतो. उन्हात ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीत तो फॉइलमधल्या पाण्यापेक्षा कमी उरला, तर तो फरक उन्हाने तोडून दिलेल्या घासाचा. दोन्हींत शून्य आलं तर पाणी फार घट्ट होतं. आणखी पातळ करून पुन्हा भरा. किमान तीन-तीन बाटल्या भरा. एकाच जोडीवर विश्वास ठेवू नका, बुचाखाली अडकलेला एक बुडबुडाही आकडा बिघडवतो.

तलावाचं पाणी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. उरलेलं तपकिरी पाणी कुंडीत ओतलं तरी चालेल, किटची रसायनं घातलेलं मात्र नको.