स्पोर्ट्स कारला रुंद टायर: आधी फट मोजा, मग आकडा ठरवा

रुंद टायर घ्यायचं डोक्यात आलं की बहुतेक जण आधी टायरचा आकडा पक्का करतात, मग त्याला रिम शोधतात आणि चाक गाडीला लावताना कळतं की ते शॉकअपला घासतंय. क्रम नेमका उलटा हवा. गाडीत जागा किती आहे, त्या जागेत केवढं रिम मावतं, आणि त्या रिमवर कोणता टायर सरळ उभा राहतो, असं जावं. टायरची निवड सर्वांत शेवटी येते आणि तोवर ती जवळजवळ आपोआप झालेली असते.

उदाहरणाला टोयोटा जीआर८६ घेऊ. ती भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, पण परदेशात राहणाऱ्या काही वाचकांच्या दारात असेल, आणि रुंद टायरचा हिशेब समजून घ्यायला तिच्यासारखी गाडी नाही. व्हर्टस जीटी किंवा ऑक्टेव्हिया असली तरी गणित हेच, आकडे तेवढे आपल्या गाडीचे घाला. जीआर८६ च्या १७ इंची चाकांचं मूळ माप असं: रिम साडेसात इंच रुंद, ऑफसेट ईटी४८ (चाक किती आत-बाहेर बसतं त्याचं माप, पुढे सांगतो), पाच नट १०० मिमीच्या वर्तुळावर, मधलं भोक ५६.१ मिमी, टायर २१५/४५ आर१७. टायरचा आकडा असा वाचा: २१५ म्हणजे मिमीमधली रुंदी, ४५ म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची, आणि १७ म्हणजे इंचात रिमचा व्यास.

रुंदीकडून काय मिळतं

टायर रुंद केला की जमिनीला टेकणारं रबर त्याच प्रमाणात वाढतं, हा समज सोडून द्या. गाडीचं वजन आणि टायरमधली हवा तीच असेल तर टेकणारं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, त्याचा आकार बदलतो. लांबट ठसा आखूड आणि रुंद होतो. त्याने वळणात स्टिअरिंगला पटकन प्रतिसाद मिळतो, टायर कमी मुडपतो, आणि ट्रॅकवर उष्णता जास्त रबरात वाटली जाते. पकडीचा मोठा हिस्सा मात्र रबराच्या जातीतून येतो. साध्या रबराच्या २४५ पेक्षा चांगल्या रबराचा २१५ केव्हाही जास्त धरतो.

म्हणून नवी रिम घ्यायचीच नसतील तर मूळ साडेसात इंची रिमवर २२५/४५ आर१७ घ्या, उत्तम रबराचा घ्या, आणि इथेच थांबा. त्याचा व्यास ६३४ मिमी होतो, मूळचा ६२५. फरक दीड टक्क्याच्या आत, सगळं बिनबोभाट बसतं. त्याच रिमवर २४५ चढवू नका. २४५/४० ला रिम आठ ते साडेनऊ इंच लागतं. साडेसातवर चढवला तर साइडवॉल आत चेपतात, ट्रेड (जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग) मधोमध फुगतो, आणि वळणात टायर डावी-उजवीकडे डुलतो. दुकानात "बसतो साहेब" म्हणतील. हवा भरली की तो बसतो हे खरं, पण चालतो वाईट.

रिमचा व्यास वाढवू नका

१७ चं रिम १७ च ठेवा, रुंदी वाढवा. २१५/४५ आर१७ ची साइडवॉल ९७ मिमी उंच आहे, २४५/४० आर१७ ची ९८ मिमी. म्हणजे टायर तीन सेंटीमीटर रुंद झाला तरी खड्ड्यात रिम वाचवणारी गादी कायम राहिली, आणि एकूण व्यास ६२८ मिमी, मूळच्या अगदी जवळ. तीच रुंदी १८ इंची रिमवर घ्यायची तर २४५/३५ घ्यावा लागतो, त्याची साइडवॉल ८६ मिमी. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे १२ मिमी म्हणजे रिमला तडा जाणं आणि न जाणं यातला फरक. दिसायला १८ छान वाटतं. चालवायला १७ चांगलं.

फट मोजणं: सगळा घोळ इथेच होतो

या टप्प्याला अर्धा दिवस द्या. गाडीच्या फोरमवरचं "माझ्या गाडीला बसलं" हे उत्तर पुरत नाही, कारण त्या गाडीचं सस्पेन्शन खाली केलेलं असतं, कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) वेगळा असतो, आणि त्याच मापाचा टायर दुसऱ्या कंपनीचा असला तर प्रत्यक्षात पाच-सात मिमी कमी-जास्त भरतो.

आधी ऑफसेट नीट समजून घ्या. रिमच्या रुंदीची मधली रेषा धरा. तिथपासून हबला टेकणाऱ्या सपाट बाजूपर्यंतचं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ईटी. ईटी जास्त तितकं चाक आत, कमी तितकं बाहेर. रुंद रिम दोन्ही बाजूंना वाढतं, आणि ती वाढ आत किती जाऊ द्यायची, बाहेर किती, हे ईटी ठरवतो.

हिशेब रिमच्या रुंदीवर करू नका, टायरच्या खऱ्या पोटाच्या रुंदीवर करा. साइडवॉलवरचा आकडा ठरावीक मापाच्या रिमवर धरलेला असतो. रिम अर्धा इंच रुंद झालं की टायर साधारण ५ मिमी पसरतो. त्यामुळे साडेसात इंचावरचा २१५ प्रत्यक्षात २१८ मिमीच्या आसपास भरतो, आणि नऊ इंचावरचा २४५ भरतो २५३. आता निम्मे करा. जुन्याचे १०९, नव्याचे १२६.५. आतली बाजू काढायला त्यात ईटी मिळवायचा, बाहेरची काढायला वजा करायचा. मूळ चाक हबपासून १५७ मिमी आत आणि ६१ बाहेर. नऊ इंची रिम ईटी४२ चं घेतलं तर १६८.५ आत, ८४.५ बाहेर. म्हणजे आत ११.५ मिमी आणि बाहेर २३.५ मिमी जास्त जागा हवी. तेच रिम ईटी३५ चं घेतलं तर आत फक्त ४.५ मिमी, पण बाहेर ३०.५, आणि टायर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीच्या) बाहेर डोकावू लागतो. ईटी४८ ठेवलं तर दोन्हीकडे साडेसतरा, आणि शॉकअप आडवा येतो. या गाडीला नऊ इंचात ईटी४२ ते ४५ चालतं, त्यामागे हेच गणित आहे.

आता तेवढी जागा खरंच आहे का ते बघा. गाडी सपाट जमिनीवर, चाकं सरळ, मूळ टायर बसवलेले. आतल्या बाजूला टायरचं पोट आणि शॉकअप यांच्यामध्ये ड्रिलचे बिट मागच्या, गुळगुळीत बाजूने गेजसारखे सरकवा. ११ चा गेला, १३ चा अडकला, तर फट १२ च्या आसपास. टेप तिथे पोहोचत नाही आणि डोळ्याचा अंदाज नेहमी चुकतो. बाहेरच्या बाजूला गवंड्याचा ओळंबा फेंडरच्या ओठाला, चाकाच्या बरोबर मध्यावर लावा आणि दोरीपासून टायरच्या पोटापर्यंतचं अंतर दोन जागी घ्या, हबच्या उंचीला आणि वर जिथवर दिसतं तिथे. कॅम्बरमुळे हे दोन आकडे वेगळे येतात आणि वरचा महत्त्वाचा, कारण घासतं ते वर.

शॉकअपची फट किती ठेवायची? नवं चाक बसल्यावर ५ मिमी पुरते. बहुतेक गाड्यांना पुढे असतं त्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये शॉकअप चाकाबरोबरच वर-खाली होतो आणि स्टिअरिंगबरोबर वळतोही, त्यामुळे ही फट खड्ड्यात किंवा वळणात जवळजवळ बदलत नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवून शॉकअपची फट तपासणारे वेळ वाया घालवतात. पूर्ण वळणात बघायचं ते आतलं प्लास्टिकचं लायनर, अँटी-रोल बार (गाडी वळणात कलू नये म्हणून आडवी बसवलेली दांडी) आणि ब्रेकची नळी.

आणि इथला सर्वांत मोठा सापळा कॅम्बरचा. रुंद टायर फेंडरखाली यावा म्हणून कॅम्बर वाढवतात. एका अंशाला टायरचा माथा साधारण साडेपाच मिमी आत जातो, बाहेरची जागा मिळते. पण कॅम्बर शॉकअपच्या खालच्या बोल्टवर वाढवला तर नकल (हब धरून ठेवणारा भाग) शॉकअपच्या तुलनेत कलतो, आणि टायर थेट शॉकअपकडे सरकतो. बाहेर मिळवलेलं आत गमावलं. कॅम्बर वरच्या माउंटवरून वाढवला, म्हणजे कॅम्बर प्लेट लावून, तर शॉकअप आणि चाक एकत्र कलतात आणि आतली फट तशीच राहते. म्हणून आधी कॅम्बर ठरवा, अलाइनमेंट करा, मग फटी मोजा. उलट केलंत तर केलेली सगळी मोजमापं फुकट.

शेवटची खात्री एका चाकावर करायची. चारही घेण्याआधी एकच रिम, एकच टायर चढवून मागा. चांगला दुकानदार देतो, नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. शाडूची माती किंवा घट्ट मळलेल्या कणकेचे बोटभर जाडीचे गोळे फेंडरच्या ओठाच्या आत आणि लायनरवर चिकटवा. मग ते चाक आणि त्याच्या तिरक्या टोकाचं चाक रुंद, भक्कम लाकडी फळ्यांवर चढवा, बाकीच्या चाकांना उटी लावा. फळ्यांवरच्या चाकांचं सस्पेन्शन दाबलं जातं. आता स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाडीखाली कोणी जायचं नाही. नंतर गाडी उतरवून, चाक काढून, दबलेली कणीक ब्लेडने कापा आणि उरलेली जाडी मोजा. ८ मिमीपेक्षा जास्त उरली तर निर्धास्त घ्या. ३ च्या खाली असेल तर भरलेल्या गाडीत, घाटाच्या वळणात घासणार हे धरून चाला.

फेंडरचा ओठ मुडपून जागा करायचा सल्ला देणारे भेटतील. ओठावरचा रंग तडकतो आणि मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तिथूनच गंज शिरतो. चार मिमीसाठी बॉडी खराब करू नका, एक आकडा अरुंद टायर घ्या.

पुढे-मागे वेगळे की चारही सारखे

मूळ गाडीला चारही सारखे असतील तर सारखेच ठेवा. मागचेच रुंद केले की गाडी वळणात पुढून सरळ पळू लागते आणि टायर पुढे-मागे फिरवून झीज समान करता येत नाही. मूळ गाडीच वेगळ्या मापांची आणि चारही चाकांना ताकद देणारी असेल तर व्यासाचं प्रमाण जपा. बीएमडब्ल्यू एम३४०आय च्या १८ इंची चाकांना पुढे २२५/४५ आणि मागे २५५/४० असतात. रुंदीत तीन सेंटीमीटरचा फरक, पण व्यास ६६० आणि ६६१ मिमी. हे प्रमाण बिघडवलं तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) सतत झिजत राहते.

रबर

ट्रेडवेअर हा टायर किती टिकेल ते सांगणारा साइडवॉलवरचा आकडा, कमी तितकं रबर मऊ. ट्रेडवेअर २०० चे टायर, उदाहरणार्थ ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस किंवा योकोहामा अ‍ॅडव्हान निओवा एडी०९, ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी. रोजच्या रस्त्यासाठी ३०० च्या आसपासचे, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस सारखे, घ्यावेत. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच देते, म्हणून दोन कंपन्यांमधली तुलना त्यावरून करू नका.

पावसाचा विचार मात्र प्रत्येकाने करावा. रुंद टायरला पाणी बाजूला सारायला जास्त अंतर असतं, त्यामुळे तो साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. ट्रॅकच्या टायरची नक्षी नवी असतानाच उथळ असते. कायदा १.६ मिमीपर्यंत चालू देतो, पण रुंद टायर ३ मिमीवर आला की पावसाळ्यापुरता तो गोटा झाला असंच समजा. थंड देशात असाल तर ७ अंशांखाली उन्हाळी रबर कडक होतं. हिवाळ्याचा वेगळा संच ठेवा, आणि तो अरुंदच ठेवा.

साइडवॉलवरचे बाकीचे आकडे

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळच्या इतका किंवा जास्त. ८७ म्हणजे ५४५ किलो, ९१ म्हणजे ६१५. एक्सएल (जादा भाराचा) लिहिलेला टायर जास्त वजन पेलतो तो जास्त हवेवर, त्याच हवेवर नाही. बनवल्याची तारीख डॉट (DOT) क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांत बघा: १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. भारतात आयएसआय खूण असलेलाच घ्या. बदल विमा कंपनीला लेखी कळवा. जर्मनीत अशा बदलाला बहुधा तपासणी संस्थेची मंजुरी लागते.

चढवताना

रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर सेंटरिंग रिंग (ती मोकळी जागा भरणारी कडी) लावा, नाहीतर ९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंगवाला विनाकारण शिव्या खातो. नटाचं टोक शंकूसारखं की गोल ते रिमशी जुळवा. स्पेसर (चाक बाहेर सरकवायला हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती) लावला असेल तर नटाचे फेरे हाताने फिरवत मोजा: १२ मिमीच्या, १.२५ पिचच्या नटाला किमान दहा पूर्ण फेरे. कमी पडले तर हबवर लांब स्टड (नट बसतो तो बोल्ट) घाला. टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर, गनने आवळू देऊ नका.

हवा दरवाजाच्या चौकटीवरच्या आकड्यापासून सुरू करा. टायरच्या खांद्यावर (ट्रेड आणि साइडवॉल मिळतात तिथे) खडूच्या रेषा मारा आणि वळणांच्या रस्त्यावर एक फेरी मारून या. खडू साइडवॉलपर्यंत पुसला गेला तर दोन पीएसआय वाढवा, खांद्यावरचाही शाबूत राहिला तर दोन कमी करा.

शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्कला आवळा आणि पुढची दोन्ही चाकं काढून आतल्या साइडवॉलवर गोल हात फिरवा. कुठे गुळगुळीत, चकाकणारा पट्टा लागला तर शॉकअपला घासतंय. हबवर नेमका बसणारा ३ मिमीचा स्पेसर लावा, आणि नटाचे फेरे परत मोजा.