पोटातल्या बाळाचा जीव गेला तर तक्रार कशी करावी

गरोदर बाईला मारहाण झाली आणि पोटातले मूल दगावले, तर गावात लोक सरळ म्हणतात की खून झाला. आईच्या दुःखापुढे त्या शब्दाला कोणीही हरकत घेणार नाही. पण फौजदारी कायदा तो शब्द मान्य करत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मधील तिसऱ्या स्पष्टीकरणात स्वच्छ लिहिले आहे की, आईच्या उदरात असलेल्या बालकाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध होत नाही. म्हणून तक्रारीत ‘खून’ या शब्दाचा हट्ट धरला, तर ठाणे अंमलदार तो शब्द खोडतो आणि त्याबरोबर पुष्कळदा तक्रारीतला जीवही जातो. अशा प्रसंगी कामाला येतात ती कलमे ८८ ते ९२. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल, तर जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे ३१२ ते ३१६ लागतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या आशाताई, पोलीस पाटील आणि पीडितेच्या माहेरच्या माणसांना ही कलमे वापरता यावीत, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

प्रथम संमतीचा प्रश्न विचारावा. बाईच्या संमतीने, पण कायद्याने दिलेल्या मुभेबाहेर गर्भपात घडवला, तर कलम ८८ लागते. त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी आहे. गर्भाची हालचाल सुरू झालेली असेल, तर ती सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी वाढते. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही या कलमात येते, हे अनेकांना ठाऊक नसते. संमतीशिवाय गर्भपात घडवला, तर कलम ८९ लागते आणि शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी होते. तिथे महिने किती झाले होते याने फरक पडत नाही. सासरच्यांनी धमकावून गोळ्या घ्यायला लावल्या आणि बाईने मुकाट्याने घेतल्या, तर ती संमती नव्हे, कारण इजेच्या भीतीने दिलेल्या संमतीला कलम २८ संमती मानत नाही. तिने ‘हो’ म्हटले होते एवढ्यावरून प्रकरण कलम ८८ मध्ये ढकलले जात असेल, तर या कलम २८ कडे बोट दाखवावे.

कलम ८९ साठी गर्भपात ‘स्वेच्छेने’ घडवलेला असावा लागतो. आरोपीचा हेतू गर्भ पाडण्याचाच होता, हे मात्र सिद्ध करावे लागेलच असे नाही. आपल्या कृत्याने तसे घडण्याचा संभव आहे हे त्याला माहीत असेल, किंवा तसे मानायला त्याच्याकडे कारण असेल, तरी पुरते. त्यामुळे बाई गरोदर आहे हे आरोपीला ठाऊक होते, हा सगळ्या प्रकरणाचा कणा ठरतो. डोहाळजेवणाच्या फोटोत दीर किंवा सासू उभी दिसते, तपासणीला नवराच मोटारसायकलवर घेऊन गेला होता, सोनोग्राफीच्या अर्जावर त्याची सही आहे: असे पुरावे घरात पडून असतात आणि कोणी ते मागत नाही. ते पहिल्याच दिवशी गोळा करावेत.

दुसरा प्रश्न गर्भाच्या हालचालीचा. आईला ठार करू शकेल असे कृत्य जाणूनबुजून केले, आई वाचली, पण हालचाल सुरू झालेले मूल पोटात मेले, तर कलम ९२ लागते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी आहे. नुसत्या निष्काळजीपणाला हे कलम पुरत नाही. हालचाल कितव्या आठवड्यात सुरू होते हे कायदा सांगत नाही. पहिलटकरणीला ती साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवते, पुढच्या खेपेला त्याआधीही. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवावे. शेवटच्या पाळीची तारीख, पोटाची तपासणी आणि बाळाच्या ठोक्यांच्या नोंदी त्यावर असतात. घटनेच्या चार दिवस आधीच्या तपासणीत ठोके नोंदलेले असतील, तर एवढी एक नोंद बचाव पक्षाचा बराचसा युक्तिवाद थांबवते.

बाळंतपणाच्या वेळची गोष्ट वेगळी आहे. मूल जिवंत जन्मू नये किंवा जन्मल्यावर मरावे या हेतूने केलेल्या कृत्याला कलम ९१ आहे. जिवंत मुलाचा कोणताही अवयव आईच्या शरीराबाहेर आलेला असेल, तर त्याचा मृत्यू घडवणे हा सदोष मनुष्यवध ठरू शकतो. त्याने श्वास घेतलेला असलाच पाहिजे अशी अट नाही. गर्भपाताच्या प्रयत्नात आईच दगावली, तर कलम ९० लागते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. आधी दवाखाना, मग ठाणे. १०८ ला फोन करून बाईला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना मारहाण झाल्याचे स्पष्ट सांगून एमएलसी (पोलीस प्रकरण असल्याची दवाखान्यातली) नोंद करायला लावावी. ‘जिन्यावरून पडली’ असे एकदा केसपेपरवर लिहिले गेले, की ते पुसायला पुढे कोर्टात फार कष्ट पडतात, आणि सोबत आलेला सासरचा माणूस नेमके तेच लिहवून घेतो. बाईचे म्हणणे तिच्याच बोलीत ऐकून घ्यावे, मग ती अहिराणी असो, भिली असो की पावरी. ‘मना पोटवर लात मारी’ असे ती सांगते आणि कागदावर ‘शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली’ एवढेच उतरते. इथेच कलम ८९ हातचे जाते. लाथ कुठे बसली, किती वेळा, त्यानंतर रक्तस्राव किती वेळाने सुरू झाला, बाळाचे हालणे केव्हा थांबले, हे सगळे जबाबात यायलाच हवे. फिर्याद वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे पोलिसांवर बंधनकारक आहे, तेव्हा वाचून झाल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये.

कलम ८८ अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, तर ८९ ते ९२ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. त्यामुळे ठाण्यातून नुसती एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती हाती पडली, तर समजावे की प्रकरण हलक्या कलमात बसवले गेले आहे. त्याच वेळी कलम ८९ चा लेखी उल्लेख करून गुन्हा नोंदवण्याची मागणी करावी. धडगाव, अक्कलकुव्याकडची कुटुंबे ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जातात आणि घटना तिकडे घडते. तरीही आपल्या गावच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न पाहता, गुन्हा नोंदवता येतो. ‘तिकडे जा’ हे उत्तर कायद्याला धरून नाही.

मृत अर्भक घाईने पुरू नये. लहान बाळाला पुरण्याची रीत आपल्याकडे आहे आणि ती दुःखात पटकन उरकली जाते, पण त्याबरोबर शवविच्छेदनाचा पुरावाही मातीत जातो. पुरले गेलेच असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते बाहेर काढता येते. जन्म लपवण्यासाठी गुपचूप विल्हेवाट लावणे हा कलम ९४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, मग मूल जन्माआधी मेलेले असो वा नंतर. गर्भ बलात्कारातून राहिलेला असेल, तर डीएनए तपासणीसाठी ऊतक राखून ठेवायला डॉक्टरांना आणि पोलिसांना आधीच सांगावे. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला नमुना त्या तपासणीला निकामी होऊ शकतो.

कायदेशीर गर्भपात या सगळ्याच्या बाहेर आहे, आणि या कलमांची भीती दाखवून बाईला तो नाकारणे मला अन्यायाचे वाटते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, २० आठवड्यांपर्यंत एका आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. बाई सज्ञान असेल आणि मानसिक आजारी नसेल, तर फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची नव्हे.

लिंगनिदान करून मुलीचा गर्भ पाडला, तर १९९४ चा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदाही जोडीला येतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील १००० मुलांमागे ८४२ मुली होत्या, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. त्या कायद्याखालची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावी. गरोदर बाईला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले, असेच तो कायदा गृहीत धरतो. त्यामुळे तिने आपणच अडकू या धास्तीने गप्प राहण्याचे कारण नाही.

ठाण्याने गुन्हा नोंदवायला नकार दिला, तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी आणि रजिस्टरची पावती जपावी. त्यानंतरही हालचाल झाली नाही, तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाचे आदेश मागणारा अर्ज करता येतो. अर्जाला शपथपत्र जोडावे लागते, आणि त्यासोबत एमएलसीची प्रत, माता-बाल कार्ड आणि अधीक्षकांना पाठवलेल्या फिर्यादीची प्रत लावावी.