पोरगं लिहीत नाही? आधी या चुका टाळा

ठाण्यात लहान मुलांचे वर्ग घेते. दर जूनला ठरलेला प्रश्न, "ताई, हा लिहायचं नाव काढत नाही, काहीतरी करा ना."

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तीन-साडेतीन वर्षांच्या पोराला पेन्सिल देऊन रेघी वहीत बसवणं. अहो, मनगटाची हाडं त्या वयात पूर्ण झालेलीच नसतात, बराचसा भाग कूर्चाच असतो. आधी खांद्यात जोर येतो, मग कोपर-मनगटात, बोटांवर ताबा सगळ्यात शेवटी. गोल साधारण 3 वर्षांना जमतो, अधिकचं चिन्ह 4 ला, त्रिकोण 5 च्या आसपास. तिरकी रेघच जमत नाही त्याला 'अ' कुठून जमणार?

घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधला चार वर्षांचा मुलगा आला होता. बोलायला एकदम तल्लख, पण दोन ओळी झाल्या की डोकं टेबलावर, पेन्सिल अख्ख्या मुठीत आणि दाब एवढा की कागद फाटायचा. शाळेचा शेरा, 'अभ्यासात लक्ष नाही'. आईने पेन्सिलची ग्रिप आणली, कर्सिव्हची वही आणली, वर ट्यूशन लावली. मी त्याला बारला लटकायला सांगितलं तर लगेच हात सुटले, म्हणजे खांद्या-हातात जोरच नव्हता. लिहिणं बंदच करायला लावलं. रोज संध्याकाळी खाली खेळायला, घरी मटार सोलायचे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायचे, भिंतीला मोठा कागद चिकटवून उभ्याने खडूचे गोल काढायचे. आई वैतागली होती, तिला आठवड्यात रिझल्ट हवा होता. दिवाळीनंतर पोराने स्वतःहून पेन्सिल मागितली, आणि चिमटीत धरली.

ग्रिप वगैरे शॉर्टकट मला पटत नाहीत. मी खडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून देते, एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही.

हातातला हा जोर रांगण्यापासूनच येऊ लागतो, म्हणून बाळाला वॉकर आणू नका, पोरं त्याने लवकर चालत नाहीत, उलट पडतात. रांगू दे खुशाल.

गृहपाठ राहिला म्हणून खेळ बंद ही शिक्षा तर बिलकुल नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय, 3-4 वर्षांच्या मुलांना दिवसात किमान 180 मिनिटं हालचाल हवी, त्यातली 60 मिनिटं चांगली दमवणारी, आणि स्क्रीन 1 तासाच्या वर नको. जेवताना मोबाईल हातात दिला की तो तास तिथेच संपतो.

सहा पूर्ण झाली तरी बटण लागत नसेल, जिना चढताना अडखळत असेल, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, ऑक्युपेशनल थेरपिस्टला (हाताच्या हालचाली आणि रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा.