छोट्या ब्रुअरीच्या वह्या: या चुका टाळा

मार्च लागला की लहान ब्रुअरीवाल्यांचे फोन सुरू होतात. परवान्याचं नूतनीकरण, वर्षअखेरचा ताळेबंद आणि उत्पादन शुल्क विभागाचं न जुळणारं रजिस्टर, तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येतात. 2009 मध्ये पुण्यात डुलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर मन लावून बिअर बनवणारी बरीच तरुण मंडळी या धंद्यात उतरली. एका रेसिपीवर ती सहा-सहा महिने खपतात. वहीला मात्र रोजची दहा मिनिटं द्यायला तयार नसतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रजिस्टर महिनाअखेरीला एकदम लिहिणं

बाकीच्या सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे. पुण्याजवळच्या एका ब्रुअरीत मला बोलावलं, तेव्हा महिन्याच्या सहा बॅचेसच्या सहाही नोंदी सारख्या होत्या: वॉर्ट (माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा गोड रस, ज्याची पुढे बिअर होते) 1000 लिटर, तूट 80, तयार बिअर 920. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी टाक्यांमध्ये डिप रॉड (पातळी मोजायची खुणांची काठी) घातला, विक्रीची चलनं मिळवली, तर 300 लिटर बिअर कमी भरली. म्हणजे 30 लिटरचे दहा केग, बिअरची पिंपं. शुल्क न भरता माल बाहेर गेला, हा पहिला संशय, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तोच आला असता. मालक तर स्वतःच्या माणसांकडेच संशयाने बघायला लागला.

दोन दिवस मी तिथेच बसून होतो. चोरी झालीच नव्हती. 1000 हा आकडा उकळी संपता संपता केटलवर, म्हणजे वॉर्ट उकळायच्या भांड्यावर, वाचलेला होता. वॉर्ट गार होताना आक्रसतो. उकळत्या अवस्थेतले 1000 लिटर 20 अंशांवर साधारण 960 भरतात. म्हणजे थेंबही न सांडता 40 लिटर कमी. त्यानंतर केटलच्या तळाशी हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि गाळात 40 अडकले, फर्मेंटरच्या, म्हणजे आंबवायच्या टाकीच्या, बुडाशी यीस्टबरोबर 50 गेले. हाती राहिली 870 लिटर आणि रजिस्टरवर होती 920. बॅचमागे 50 चा फरक, सहा बॅचेसचे 300.

हे पटवून द्यायला रजिस्टरचा काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोगी पडली ती सेलरमध्ये, म्हणजे टाक्यांच्या खोलीत, काम करणाऱ्या एका मुलाची खिशातली वही. आधी तो डेअरीत कामाला होता, तिथली सवय म्हणून रोज लिहायचा: तारीख, वेळ, टाकीचा नंबर, तापमान, डिपचा आकडा. डाग पडलेली, कडा भिजलेली वही, पण प्रत्येक ओळ त्या-त्या वेळी लिहिलेली. ती दाखवल्यावर आणि तीन हेलपाटे घातल्यावर प्रकरण मिटलं.

तेव्हापासून मी ज्यांचं काम घेतो त्यांच्याकडे माझा एक हट्ट असतो. पुठ्ठ्याची जाड वही फर्मेंटरजवळ दोरीने बांधायची, सोबत बॉलपेन. आकारमान लिहिलं की शेजारी तापमान लिहायचंच. चुकलं तर एक आडवी रेघ आणि सही, व्हाइटनर नाही. पक्कं रजिस्टर त्याच संध्याकाळी या कच्च्या वहीवरून भरायचं. तयार बिअरचा आकडा गार टाकीतल्या डिपवरून घ्यायचा, केटलवरून कधीच नाही.

‘आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे’ असं सांगणारे खूप भेटतात. सॉफ्टवेअर चांगलंच आहे, पण त्यात आकडा घालणारा माणूस टाकीपाशी गेलेला असावा लागतो. एक्सेलमध्ये वरची ओळ खाली ओढून भरलेला महिना मला पान उघडल्याबरोबर ओळखू येतो, आणि तपासणीवाल्यांना माझ्याआधी. तसंच तुटीचं. पहिल्या दोन बॅचेस बघून ‘आपली तूट 8 टक्के’ असं ठरवून वर्षभर तोच आकडा चालवतात. गहू घातलेली बिअर, भरपूर हॉप्सची आयपीए आणि साधी लागर यांची तूट सारखी कशी येईल? थोड्याच नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येतं, हा प्रश्न डब्लिनमध्ये गिनेसच्या ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटलाही पडला होता. त्यावरचा त्याचा निबंध 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला गेला आणि संख्याशास्त्रात आजही तो पायाचा मानतात. तुम्हाला एवढं करायचं नाही. प्रत्येक प्रकारच्या बिअरच्या दहा-बारा बॅचेसची खरी तूट लिहून ठेवा, मग सरासरीबद्दल बोला.

हायड्रोमीटर घाईत वाचणं

हायड्रोमीटर द्रवाची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, दाखवतो; आंबण्याआधीची ती मूळ, आंबून झाल्यावरची शेवटची. समजा मूळ ग्रॅव्हिटी 1.048, शेवटची 1.010. फरक 0.038, त्याला 131.25 ने गुणलं की अल्कोहोल 4.99 टक्के. मूळ ग्रॅव्हिटी 1.049 असेल तर तेच 5.12 होतं. अन्नसुरक्षेच्या नियमांत 5 टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि त्यावर स्ट्रॉंग, म्हणजे हायड्रोमीटरच्या एका रेघेवर (0.001) लेबल बदलतं. आणि लोक 40 अंशांचा वॉर्ट 20 अंशांना जुळवलेल्या हायड्रोमीटरने मोजतात! तिथे जवळजवळ सहा रेघा कमी दिसतात. नमुना गार करा. शेवटच्या वाचनाआधी त्यातला वायू हलवून काढून टाका, बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात.

केगची अनामत विक्रीत धरणं

बारवाल्याकडून केगसाठी घेतलेली अनामत हे तुमचं उत्पन्न नाही, ते देणं आहे. नवी मंडळी बिलाची पूर्ण रक्कम विक्रीखात्यात टाकतात. महिना छान दिसतो, त्यावर कराचा हिशेब होतो, आणि वर्षभराने बारवाला वीस रिकामे केग परत आणून पैसे मागतो तेव्हा खतावणीत त्या पैशांचा पत्ताच नसतो. अनामतीचं खातं वेगळं उघडा, प्रत्येक बारच्या नावाने.

दुसरं, केगवर नंबर कोरून घ्या. स्टिकर नको, कोल्ड रूममध्ये तो आठवड्यात सुटतो. मी नंबरवार वही ठेवायला लावतो: कोणता केग, कोणत्या बॅचने भरला, कुठे गेला, कधी परतला. दोन महिने एकाच बारकडे पडलेला केग लगेच दिसतो, आणि एखाद्या बॅचबद्दल तक्रार आली तर ती नेमकी कुठे-कुठे पोचली आहे हे पाच मिनिटांत कळतं.

जीएसटीचा गोंधळ

बिअर जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर उत्पादन शुल्क आणि व्हॅट लागतो. त्यामुळे बिअरसाठी घेतलेल्या माल्ट, हॉप्स, टाक्यांवरच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. तो कर किमतीतच धरा, नाहीतर बिअरचा भाव चुकतो.

पण चोथ्याचं तसं नाही. गोठेवाले माल्टचा जो ओला चोथा नेतात त्यावर 5 टक्के जीएसटी आहे, हे ऑक्टोबर 2021 च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं. रोख घेऊन खिशात टाकायची ती रक्कम नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. नोंदणीची मर्यादा बघताना एकूण उलाढालीत बिअरची विक्रीही मोजली जाते. चोथ्याचे पैसे किरकोळ म्हणून नोंदणीचा विचारच न करणारे इथे अडकतात.

काही लहान गोष्टी. ग्राहकाचे पैसे मालकाच्या खासगी यूपीआयवर घेऊ नका. वर्षाची परवाना फी एकट्या एप्रिलच्या खर्चात टाकू नका, बारा महिन्यांवर वाटा. चाखायला दिलेली, पाहुण्यांना पाजलेली बिअर लिहा, ती वाफ होऊन गेलेली नसते. थर्मल कागदावरच्या बिलांची झेरॉक्स काढा. कंपनी असाल तर हिशेब आठ वर्षं जपायचे आहेत आणि ती अक्षरं एवढी टिकत नाहीत.

आणि बॅच बिघडली तर वैतागून रातोरात नाल्यात सोडू नका. विभागाला लेखी कळवा, परवानगी आल्यावरच व्हॉल्व्ह उघडा. त्याआधी टाकीचा डिप, तापमान आणि वेळ दोरीच्या वहीत लिहून हजर असलेल्या दोघांच्या सह्या घ्या.