नीटची पुस्तके निवडताना: आधी अभ्यासक्रम, मग दुकान

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना दरवर्षी अकरावीचे प्रवेश झाले की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सर, पुस्तके कोणती घ्यायची?’ काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी प्रश्न विचारण्याऐवजी पुस्तकांची पिशवीच घेऊन आली. टेबलावर सारे मांडून पाहिले, तर भौतिकशास्त्राचीच सहा पुस्तके निघाली. सहाही पुस्तकांतील पहिली दोन प्रकरणे पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली होती आणि तिसऱ्या प्रकरणापासून पाने कोरी होती. मुलगी मेहनती होती आणि वडिलांनी काटकसर करून पैसे उभे केले होते. मात्र प्रत्येक नव्या पुस्तकाबरोबर तिचा अभ्यास पुन्हा एकक आणि मापनापासून सुरू होत होता. त्या दिवसापासून मी पालकांना पुस्तकांची यादी देण्याऐवजी पुस्तक कसे पारखावे हे सांगू लागलो. तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिला कागद फुकट मिळतो आणि बहुतेक घरांत तोच नसतो. तो म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलेला, नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा अभ्यासक्रम. 2024 च्या परीक्षेपासून हा अभ्यासक्रम बदलला असून त्यात भौतिकशास्त्राचे 20, रसायनशास्त्राचे 20 आणि जीवशास्त्राचे 10 घटक आहेत. आयोगाच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घ्यावा, छापून घ्यावा आणि दुकानात जाताना सोबत न्यावा, कारण बाजारातील अनेक जाड पुस्तके अजूनही जुन्या अभ्यासक्रमाची आहेत. पुस्तकाची अनुक्रमणिका या कागदाशेजारी ठेवली की दोन मिनिटांत अंदाज येतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात घनावस्था, पृष्ठीय रसायनशास्त्र, बहुवारिके ही प्रकरणे ठळकपणे असतील आणि ‘प्रायोगिक रसायनशास्त्राची तत्त्वे’ हा घटक कोठेच नसेल, तर मुखपृष्ठावर कोणतेही वर्ष छापलेले असले तरी आतील मजकूर जुना आहे असे समजावे. भौतिकशास्त्रात हीच खूण ‘प्रायोगिक कौशल्ये’ या घटकाची आहे. व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज यांवरचे प्रश्न पुस्तकात स्वतंत्रपणे दिले आहेत का, हे तेथेच उभे राहून पाहावे.

यानंतर एनसीईआरटीची, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, अकरावी आणि बारावीची पुस्तके येतात. ती घ्यावीत याबद्दल कोणाचेही दुमत नाही, परंतु आवृत्ती कोणती याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. 2024 च्या नीटमध्ये भौतिकशास्त्राचा अणूविषयीचा एक प्रश्न होता. त्यातील एक विधान जुन्या आवृत्तीनुसार बरोबर ठरत होते आणि नव्या आवृत्तीनुसार चूक. परीक्षा संस्थेने आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवण्यात आले आणि जुलै 2024 मध्ये एकच उत्तर ग्राह्य धरले गेले. ज्यांनी जुन्या पुस्तकाप्रमाणे उत्तर दिले होते अशा चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे चार गुण गेले, शिवाय चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा झाला. म्हणजे एका वाक्यापायी पाच गुण. म्हणून मोठ्या भावंडांची किंवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली एनसीईआरटीची प्रत वापरायची असेल, तर आतील पानावरचे छपाईचे वर्ष पाहावे आणि संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत असलेल्या सध्याच्या प्रतीशी ती एकदा ताडून घ्यावी. नवी पुस्तके तुलनेने स्वस्त असतात. या एका ठिकाणी बचत न केलेली बरी.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. ‘एनसीईआरटी म्हणजेच नीट’ हे वाक्य शिकवणी वर्गांत सारखे ऐकू येते आणि ते बहुतांशी खरेही आहे, मात्र पूर्ण खरे नाही. रसायनशास्त्राच्या सध्याच्या एनसीईआरटी पुस्तकांतून आवर्तसारणीच्या पी-खंडातील मूलद्रव्यांचे प्रकरण वगळलेले आहे, तर नीटच्या अभ्यासक्रमात गण 13 ते 18 ही मूलद्रव्ये कायम आहेत. केवळ नव्या एनसीईआरटीवर विसंबलेल्या विद्यार्थ्याला हा संपूर्ण घटक वाचायलाच मिळत नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याजवळ मात्र त्याची सोय आधीपासून असते, कारण राज्य मंडळासाठीच्या बालभारतीच्या अकरावीच्या रसायनशास्त्रात गण 13, 14 आणि 15 यांचे प्रकरण आहे आणि बारावीच्या पुस्तकात गण 16, 17 आणि 18 यांचे. ज्या पुस्तकाला ‘बोर्डापुरते’ म्हणून बाजूला सारले जाते, तेच येथे कामी येते. त्यासाठी आणखी एक मार्गदर्शक विकत घेण्याची गरज नाही. जीवशास्त्रातही अशी एक जागा आहे. अभ्यासक्रमात सपुष्प वनस्पतींच्या माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी आणि ग्रॅमिनी या कुलांचा उल्लेख आहे, तर सध्याच्या एनसीईआरटीत त्यांचे वर्णन मिळत नाही. या पाच कुलांचे एक पान शिक्षकांकडून तपासून घेऊन एनसीईआरटीच्या त्या प्रकरणात चिकटवून ठेवावे.

बालभारतीचे पुस्तक टाकून देता येत नाही याचे दुसरे कारण साधे आहे: वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीच्या परीक्षेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के व आरक्षित प्रवर्गांना 40 टक्के गुण लागतात. परंतु दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्याचा एका गोष्टीमुळे गोंधळ उडतो. प्रकरणांची इयत्ता जुळत नाही. मानवी रक्ताभिसरण आणि चेतासंस्था बालभारतीने बारावीत ठेवली आहे, तर एनसीईआरटीत ती अकरावीत आहे. भौतिकशास्त्रात घूर्णन गती, उष्मागतिकी आणि दोलने यांचेही तसेच. उलट प्रकाशकिरणांचा भाग राज्य मंडळाने अकरावीतच घेतला आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक तक्ता करावा: डावीकडे नीटचा घटक, मध्ये एनसीईआरटीचे प्रकरण, उजवीकडे बालभारतीचे. या कामाला एक रविवार पुरतो. त्यानंतर महाविद्यालयात जे प्रकरण चालू असेल, त्याच प्रकरणाचे एनसीईआरटीचे पान त्याच आठवड्यात वाचता येते आणि एकाच विषयाचा अभ्यास दोन वेगवेगळ्या वर्षांत, दोनदा नव्याने करावा लागत नाही. वनस्पती-जलसंबंधासारखी बालभारतीची काही प्रकरणे बोर्डासाठीच आहेत, हेही त्या तक्त्यातून आपोआप दिसते.

जीवशास्त्रासाठी 180 पैकी 90 प्रश्न, म्हणजे 720 पैकी 360 गुण आहेत, आणि येथे एनसीईआरटीखेरीज दुसरे वाचनाचे पुस्तक घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. हवा असतो तो प्रश्नसंग्रह. तो कसा पारखावा याचे एक उदाहरण देतो. एनसीईआरटीतील हृदयाचा परिच्छेद उघडावा. त्यात हृदयाचे मिनिटाला 72 ठोके, एका हृदयचक्राला 0.8 सेकंद, प्रत्येक ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त आणि मिनिटाला सुमारे 5 लिटर असा हिशेब आहे. आता निवडलेल्या प्रश्नसंग्रहातील त्या प्रकरणाचे पहिले वीस प्रश्न वाचावेत. या आकड्यांवर, त्यांच्या परस्पर संबंधावर, शेजारच्या आकृतीतील झडपांवर प्रश्न असतील आणि उत्तरात केवळ ‘ब’ असे न छापता कारण दिले असेल, तर संग्रह घेण्याजोगा आहे. प्रश्न जर एनसीईआरटीत कोठेही नसलेल्या दुर्मीळ आजारांच्या नावांवर असतील, तर तो लेखकाच्या विद्वत्तेचा पुरावा असेल, पण परीक्षेच्या तयारीला त्याचा उपयोग नाही. हीच परीक्षा वृक्काच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या, प्रकरणावरही करून पाहावी. गाळण्याचा वेग मिनिटाला 125 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला 180 लिटर, आणि प्रत्यक्षात बाहेर पडणारे मूत्र दीड लिटरच्या आसपास. मधले पाणी कोठे गेले, हे विचारणारा प्रश्न ज्या पुस्तकात आहे त्या पुस्तकाच्या लेखकाने विषय समजून घेतलेला असतो.

भौतिकशास्त्रात परिस्थिती वेगळी आहे. तेथे एनसीईआरटी वाचून संकल्पना कळते, पण हात बसत नाही. म्हणून सोडवलेली उदाहरणे भरपूर असलेले एक पुस्तक आणि सरावाचा एक संग्रह, एवढी दोनच पुस्तके घ्यावीत. अभियांत्रिकीच्या सर्वांत कठीण प्रवेश परीक्षेसाठी लिहिलेले जाड ग्रंथ हौसेने घेतले जातात, मात्र त्यांतील एकेका उदाहरणाला वीस मिनिटे लागतात आणि नीटमध्ये 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे असतात. पुस्तक हातात घेतल्यावर मधलेच एखादे प्रकरण उघडून सलग दहा उदाहरणे वेळ लावून सोडवून पाहावीत. दहापैकी चार-पाच जमली आणि उरलेली उत्तर वाचल्यावर समजली, तर पुस्तक योग्य पातळीचे आहे. सगळीच जमली तर ते फार सोपे आहे. एकही जमले नाही तर त्या पुस्तकाची वेळ अजून आलेली नाही.

रसायनशास्त्र हे तीन स्वभावांचे आहे. भौतिक रसायनाला गणिताचा सराव लागतो, कार्बनी रसायनाला अभिक्रियांची स्वतःच्या हाताने लिहिलेली वही लागते आणि अकार्बनी रसायन पुस्तकातल्या ओळीवरच उभे असते. तिन्हींसाठी मिळून एक प्रश्नसंग्रह पुरतो. एनसीईआरटीचे ‘एक्झेम्प्लर’ हे प्रश्नांचे पुस्तक तिन्ही विषयांसाठी मोफत उपलब्ध आहे. त्यातील प्रकरणे मात्र अभ्यासक्रमाच्या कागदाशी जुळवूनच सोडवावीत.

बाजारात ‘नीट व एमएचटी-सीईटी’ असे दोन्ही एकत्र छापलेले संग्रह पुष्कळ मिळतात. सीईटी ही राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर, मुख्यतः बारावीवर आधारलेली असते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. तेथे अंदाजाने उत्तर देण्याची सवय लागते, आणि तीच सवय नीटमध्ये महागात पडते. दोन्ही परीक्षा द्यायच्या असतील तर संग्रह वेगवेगळे ठेवावेत.

गेल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका या कोणत्याही विकतच्या संग्रहाहून मोलाच्या आहेत, पण त्या वापरताना परीक्षेचे बदललेले स्वरूप ध्यानात ठेवावे. 2021 ते 2024 या वर्षांत 200 प्रश्न छापले जात आणि त्यांतील 180 सोडवायचे असत. 2025 पासून हा पर्याय गेला आणि 180 प्रश्न, तीन तास असे पूर्वीचे स्वरूप परत आले. 2024 मध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवणारे अनेक जण होते, तर 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण 686 होते. त्यामुळे केवळ सोप्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका सोडवून मिळालेल्या गुणांवर समाधान मानू नये. प्रकरणवार लावलेल्या प्रश्नपत्रिकांचे पुस्तक वर्षभर वापरावे आणि शेवटच्या चार-पाच वर्षांच्या अखंड प्रश्नपत्रिका मुद्दाम न पाहता शेवटच्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवाव्यात.

सराव चाचणी मालिका एकच घ्यावी आणि ती कागदावरची असावी, कारण नीट अजूनही बॉलपेनने ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या उत्तरपत्रिकेवर, दिली जाते आणि गोळे भरण्यात जाणारा वेळ मोबाइलवर कळत नाही. मालिका घेण्यापूर्वी तिची एक जुनी चाचणी आणि तिची उत्तरपत्रिका मागून घ्यावी. माझ्या एका विद्यार्थ्याने घेतलेल्या मालिकेत एकाच चाचणीत जीवशास्त्राच्या तीन प्रश्नांची छापील उत्तरे चुकीची होती, आणि स्वतःचे बरोबर उत्तर खोडून त्याने ती पाठ केली होती. लातूर, नांदेडच्या झेरॉक्स दुकानांत मिळणाऱ्या हस्तलिखित नोट्सबाबतही हीच दक्षता घ्यावी. काही नोट्स खरोखर उत्तम असतात, पण त्या ज्याने लिहिल्या त्यालाच त्यांचा सर्वाधिक उपयोग झालेला असतो.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी आणखी एक साधन सांगतो, जे विकत मिळत नाही. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही असते. मराठीचा पर्याय निवडल्यास मराठी आणि इंग्रजी अशी द्विभाषिक पुस्तिका मिळते, मात्र भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण मानला जातो. एनसीईआरटीची पुस्तके मराठीत नाहीत आणि अकरावी-बारावीचे विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवले जाते. म्हणून दोनशे पानी वहीत प्रकरणवार दोन रकाने आखावेत: झायलम म्हणजे जलवाहिनी, फ्लोएम म्हणजे रसवाहिनी, एन्झाइम म्हणजे विकर, मायटोसिस म्हणजे सूत्री विभाजन आणि मायोसिस म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजन. पहिल्या महिन्यात रोज दहा शब्द लिहिले तरी चालते. दिवाळीपर्यंत इंग्रजी परिच्छेद वाचताना अडखळणे पुष्कळ कमी होते, आणि मराठी की इंग्रजी हा अर्जातला पर्याय भीतीपोटी न निवडता विचार करून निवडता येतो.

पिशवी घेऊन आलेल्या त्या मुलीच्या सहा पुस्तकांपैकी आम्ही दोन ठेवली. उरलेली चार तिने महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दिली आणि बाराव्या आठवड्यात ती पहिल्यांदा चौथ्या प्रकरणावरची शंका विचारायला आली.