निघायच्या टायमाला मांजर गायब होत असेल तर

कॅम्पर व्हॅन घेऊन फिरताना आमचा बोका नेमका निघायच्या टायमाला सीटखाली घुसतो, मग अर्धा तास मनधरणी. आता असं करतोय:

१. ट्रिपच्या आधी ८-१० दिवस घरातच त्याचं खाणं त्याला न्यायच्या दाराच्या बास्केटमध्ये द्यायचं, बास्केटचं दार उघडं ठेवून, आत आपली न धुतलेली चादर.

२. मुक्कामावर आवराआवरी सुरू करायच्या आधी, म्हणजे खुर्च्या घडी घालायच्याही आधी, खाऊचा डबा खुळखुळवायचा, चारच दाणे आत टाकायचे, आला की दार बंद. मग बाकीचं.

पोटभर मात्र पोचल्यावरच, नाहीतर गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरताना सगळं बाहेर (आमची सीट अजून वास मारतीय). आणि चहाला थांबला तर त्याला उन्हात बंद गाडीत ठेवू नका, १० मिनिटांत आत भट्टी होते.