छोटा फ्युएल सेल तापतोय? थांबा, लगेच फॅन फुल करू नका

वीसेक वॅटचा हायड्रोजन फ्युएल सेल (हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज बनवणारा) मोबाईल-कॅमेऱ्याला लावला की पहिला प्रश्न हाच येतो, एवढुसा तर आहे मग तापतो किती! तापणारच, कारण फुल लोडला जेवढी वीज देतो तेवढीच किंवा जरा जास्तच उष्णता काढतो. हिशोब सोपाय, १.२५ व्होल्टमधून (हायड्रोजनची सगळी ऊर्जा वीज झाली असती तर एका सेलला एवढं मिळालं असतं) एका सेलचं व्होल्टेज वजा करा, मग गुणिले सेल, गुणिले अँपिअर. १२ सेलचा स्टॅक, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या सेलचा गठ्ठा, प्रत्येकी ०.६ व्होल्ट, ३ अँपिअर म्हटलं तर वीज २१.६ वॅट आणि उष्णता २३.४ वॅट.

ही हवेनेच काढायची. हवा १५ अंश तापून बाहेर पडेल असं धरलं तर मिनिटाला ७८ लिटरच्या आसपास हवा लागते, आणि गंमत बघा, रिअ‍ॅक्शनला लागणारा ऑक्सिजन त्यातल्या पाऊण लिटरच्या आतच मिळतो. बाकीची हवा नुसती गार करायला, पण ओपन कॅथोड (सेलची हवेकडची बाजू उघडीच) असल्याने ती जाते मेंब्रेनच्या, म्हणजे सेलमधल्या ओल्याच राहायला हव्या अशा पातळ पडद्याच्या, अंगावरूनच आणि जाताना ओल घेऊन जाते, मेंब्रेन सुकलं की व्होल्टेज बसलंच. मी फॅन थेट १२ व्होल्टवर ठेवला होता, स्टॅक ३५ अंशांवर गारेगार आणि व्होल्टेज मात्र उतरतंय, मला वाटलं गॅस संपला. सहज फॅनवर तळहात धरला तर मीटर हळूहळू वर!

तर थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) मधल्या सेलजवळ बसवा, स्टॅकच्या टोकाच्या एंड प्लेटवर नको, ती गारच असते. फॅन पीडब्ल्यूएमवर (वीज झटपट चालू-बंद करून वेग कमी-जास्त करायची पद्धत) घ्या, ४५-५० अंश धरून ठेवा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल तापमानाच्या आत लोड आपोआप तुटला पाहिजे. फॅनने हवा ढकलण्यापेक्षा ओढून घेतलेली बरी, सगळ्या सेलना सारखी मिळते.

मेटल हायड्राइडचा कॅनिस्टर (धातूच्या भुकटीत हायड्रोजन साठवणारा डबा) असेल तर तो गॅस सोडताना गार पडतो आणि प्रेशर उतरतं, वरच्या लोडला त्याला साडेपाच वॅटच्या आसपास उष्णता लागते. मग स्टॅकमधून निघालेली गरम हवा त्याच्यावरून फिरवा की, फुकटात काम. पर्जची नळी (स्टॅकमधला थोडा हायड्रोजन अधूनमधून बाहेर सोडते ती) मात्र बॉक्सच्या बाहेरच काढा, हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की पेट घेऊ शकतो.

आणि मे महिन्यात, ४२ अंशांत, फॅन कितीही फिरवा, हवाच गरम. तेव्हा करंट निम्मा करा. दीड अँपिअरला सेल ०.७ व्होल्टवर गेला तर वीज १२.६ वॅट मिळते, उष्णता १० वॅटच्या आत येते.